सीमेकवाल्या छोट्या प्रोजेक्टला ऑटोमेटेड टेस्ट कशा लावायच्या, आणि हिरवं दिसतंय ते खरंच हिरवं आहे का हे कसं बघायचं

प्रोजेक्ट छोटा आहे, दोन-तीन सी फाइल्स, सीमेक या बिल्ड करणाऱ्या टूलसाठी एक सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी, बिल्ड व्यवस्थित होतंय, आणि टेस्टिंग म्हणजे काय तर काही बदललं की टर्मिनलवर प्रोग्राम दोन-चारदा चालवायचा, आउटपुट डोळ्यांनी बघायचं, बरोबर वाटलं की कमिट. अशा प्रोजेक्टसाठी हे लिहितेय. तुम्ही एकटे असाल किंवा दोघं-तिघं, हवंय एवढंच की एक कमांड मारली की मशीननेच सांगावं काय मोडलंय.

लावायला फार वेळ लागत नाही, सीमेकबरोबर टेस्ट चालवणारं सीटेस्ट आलेलंच असतं, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. पण बहुतेक ठिकाणी जे शिकवतात ते "सगळ्या टेस्ट पास" ही ओळ दिसेपर्यंतच नेतात आणि तिथे सोडून देतात, आणि मला तिथूनच पुढचं महत्त्वाचं वाटतं. सीटेस्ट हिरवं, म्हणजे पास, दाखवतंय पण आत काहीच तपासलं जात नाहीये असं व्हायच्या जागा भरपूर आहेत. टेस्टच नसतील तर माणूस निदान सावध असतो, खोट्या हिरव्यावर मात्र बिनधास्त रिलीज काढतो. म्हणून प्रत्येक पायरीला "इथे फसायला होतं" ती जागा पण सांगत जाते.

कमांड आणि फाइलची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायची, हायफन आणि अंडरस्कोअर जिथे दिसतायत तिथेच.

उदाहरणाला एक टूल धरू. नाव आकडे. एखादी संख्या दिली की लाख-कोटीच्या पद्धतीने कॉमा टाकून छापायची, म्हणजे १२३४५६७ दिलं की १२,३४,५६७. आणि --मराठी ऑप्शन दिला की इंग्रजी आकड्यांऐवजी देवनागरी आकडे छापायचे. बिलं, पावत्या बनवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला हे लागतंच. आता कोणी म्हणेल प्रिंटएफमध्ये सिंगल कोटचा फ्लॅग आहे की कॉमासाठी, आहे, पण तो लोकेलवर, म्हणजे मशीनच्या भाषा-देशाच्या सेटिंगवर चालतो, साध्या "सी" लोकेलमध्ये तो एकही कॉमा टाकत नाही आणि सर्व्हरवर भारतीय लोकेल असेलच याची काही खात्री नसते. त्यामुळे फंक्शन आपलं आपण लिहायचं, आणि आपलं आपण लिहिलं की टेस्ट आलीच.

सगळ्यात आधी कोड फोडा. छोट्या प्रोजेक्टमध्ये सगळं मेन.सी मध्येच असतं, कॉमा टाकायचं लॉजिक पण तिथेच आणि ऑप्शन वाचायचं पण तिथेच. टेस्टचा प्रोग्राम हा वेगळा प्रोग्राम असतो, त्याला स्वतःचं मेन असतं, त्यामुळे मेन.सी तिथे जोडली की दोन मेन होतात आणि लिंकर लगेच ओरडतो. तेव्हा लॉजिक आकडे.सी मध्ये न्या, त्याची एक आकडे.एच करा, आणि मेन.सी मध्ये फक्त ऑप्शन वाचणं, फंक्शनला हाक मारणं, छापणं एवढंच ठेवा. फंक्शन आतमध्ये प्रिंटएफ करत असेल तर ते पण बदला, त्याने बफर घ्यावा, बफरची साइज घ्यावी, त्यात लिहावं आणि परत यावं. छापणाऱ्या फंक्शनची टेस्ट लिहायला कटकट होते, भरून देणाऱ्याची एका ओळीत होते. खरं सांगायचं तर टेस्ट लावण्याचा अर्धा फायदा याच पायरीत मिळून जातो, कोड आपोआप सुटसुटीत होतो.

आता टेस्ट म्हणजे नक्की काय. सीटेस्टच्या दृष्टीने टेस्ट म्हणजे कुठलाही प्रोग्राम, जो चालून संपल्यावर ० परत देतो म्हणजे पास, दुसरं काही दिलं म्हणजे फेल. एवढाच करार आहे. शेल हेच बघतं, मेक हेच बघतं, गिट बायसेक्ट (कुठल्या कमिटने मोडलं ते शोधणारी कमांड) पण हेच बघतं. त्यामुळे पहिल्या दिवशी कुठलीही टेस्टिंगची लायब्ररी लागत नाही, तुम्हाला सी येतं तेवढं पुरे.

सीमेकलिस्ट्समध्ये एवढं टाकायचं:

ॲड_लायब्ररी(आकडे_लिब स्टॅटिक आकडे.सी)
ॲड_एक्झिक्युटेबल(आकडे मेन.सी)
टार्गेट_लिंक_लायब्ररीज(आकडे आकडे_लिब)

एनेबल_टेस्टिंग()
ॲड_एक्झिक्युटेबल(टेस्ट_आकडे टेस्ट_आकडे.सी)
टार्गेट_लिंक_लायब्ररीज(टेस्ट_आकडे आकडे_लिब)
ॲड_टेस्ट(नेम कॉमा कमांड टेस्ट_आकडे)

आणि चालवायचं असं:

सीमेक -एस . -बी बिल्ड
सीमेक --बिल्ड बिल्ड
सीटेस्ट --टेस्ट-डिर बिल्ड --आउटपुट-ऑन-फेल्युअर

शेवटचा ऑप्शन कायम द्या. तो नसला तर सीटेस्ट नुसतं "फेल" म्हणतं आणि का ते सांगतच नाही, मग लॉग शोधत बसावं लागतं. --टेस्ट-डिर हा ऑप्शन सीमेक ३.२० पासून आलाय, त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन नुसतं सीटेस्ट मारा.

एनेबल_टेस्टिंग ही ओळ सगळ्यात वरच्या सीमेकलिस्ट्समध्येच हवी. टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि ही ओळ पण त्याच फोल्डरमधल्या फाइलमध्ये टाकली तर बिल्ड फोल्डरमधून सीटेस्ट मारल्यावर एकही टेस्ट सापडत नाही. आणि आता पहिली फसायची जागा, एकही टेस्ट सापडली नाही तर सीटेस्ट तसा मेसेज देतं खरं, पण परत देतं ०, म्हणजे पास! समोर बसून बघत असाल तर मेसेज दिसेल, पण कोड पुश केल्यावर सर्व्हरवर टेस्ट आपोआप चालत असतील तर तिथे नुसती हिरवी टिकली दिसणार. यावर उपाय आहे, --नो-टेस्ट्स=एरर हा ऑप्शन, तो घरच्या आणि सर्व्हरवरच्या दोन्ही कमांडला लावूनच टाका.

दुसरी जागा, आणि सीमधली ही सगळ्यात वाईट. टेस्ट लिहायची म्हटलं की हात आपोआप असर्टकडे (अट खोटी निघाली की प्रोग्राम थांबवणारा सीमधला मॅक्रो) जातो, असर्ट(स्ट्रकंप(आउट, "१,०००") == ०) वगैरे. घरी चालतं. पण एनडीबग हा मॅक्रो डिफाइन असला की असर्ट कंपायलर पूर्ण पुसून टाकतो, आणि सीमेकचा रिलीज बिल्ड तो मॅक्रो स्वतःहून डिफाइन करतो, रेलविथडेबइन्फो पण करतो, मिनसाइजरेल पण करतो. बिल्ड टाइप काहीच दिला नाही तर करत नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर टेस्ट खऱ्या, आणि रिलीज बिल्डमध्ये तोच प्रोग्राम काहीही न तपासता ० देऊन संपतो, आणि वेगातही संपतो. त्यामुळे टेस्टमध्ये असर्ट वापरूच नका, आपला दहा ओळींचा एक मॅक्रो करा, नाव तपास ठेवा. त्याला अपेक्षित स्ट्रिंग द्यायची आणि मिळालेली द्यायची, वेगळ्या निघाल्या तर फाइलचं नाव, ओळ नंबर, अपेक्षित काय, मिळालं काय हे चारही छापायचं, फेलचा काउंटर एकने वाढवायचा आणि पुढे जायचं. थांबायचं नाही, पुढे जायचं, कारण सातपैकी कुठल्या तीन फुटल्या हे एकत्र बघितलं की बग कुठे आहे ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

मेनच्या शेवटी काय परत द्यायचं? बरेच जण सरळ फेलचा काउंटर परत देतात. देऊ नका. लिनक्सवर, मॅकवर एक्झिट कोडचे फक्त ८ बिट पुढे जातात, म्हणजे २५६ चेक फेल झाले तर बाहेर ० दिसतो. छोट्या प्रोजेक्टमध्ये २५६ कुठून येणार असं वाटेल, पण एकदा लूप लावून सगळे आकडे ० ते ९९९ तपासायला लागलात की सहज येतात. एकही फेल असेल तर १, नाहीतर ०, बस.

आता पहिली टेस्ट पास झाली की लगेच एक काम करा, आकडे.सी मध्ये जाऊन मुद्दाम मोडा. पहिला कॉमा तीन आकड्यांनंतर टाकताय ना, तिथे तीनचं चार करा, बिल्ड करा, टेस्ट चालवा. लाल झालं पाहिजे, आणि मेसेज वाचून काय मोडलंय ते कळलं पाहिजे. नाही झालं तर टेस्ट लागलेली नाही, वरच्यापैकी काहीतरी एक झालंय. प्रत्येक नवीन टेस्टला हे करायचं, मिनिटभराचं काम आहे, आणि एकदा लाल झालेली बघितल्याशिवाय मी तरी कुठल्या टेस्टवर विश्वास ठेवत नाही.

इथे आणखी एक, हे करताना काही जण बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन मेक टेस्ट मारतात. सीमेकने बनवलेल्या मेकफाइलमध्ये टेस्ट हे टार्गेट आधी बिल्ड करत नाही, ते आहे त्या बायनरीवर टेस्ट चालवतं. म्हणजे तुम्ही कोड मोडला, मेक टेस्ट मारलं, आणि कालच्या बायनरीने हिरवं दाखवलं. म्हणून बिल्ड आणि सीटेस्ट या दोन्ही कमांड कायम जोडीने, मध्ये डबल अँपरसँड टाकून. किंवा ॲड_कस्टम_टार्गेट वापरून चेक नावाचं टार्गेट बनवा, त्याची कमांड सीटेस्ट आणि डिपेंड्समध्ये टेस्ट_आकडे, मग मेक चेक म्हटलं की आधी बिल्ड होऊन मग चालेल. ग्नूच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये मेक चेक हीच पद्धत आहे त्यामुळे बाहेरून येणाऱ्यालाही ते सवयीचं असतं.

आता टेस्टमध्ये आकडे कुठले घ्यायचे. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि इथेच लोक घाई करतात.

साधं काय सुचतं, १०००, १०००००, १०००००००, म्हणजे हजार, लाख, कोटी. घ्या, पण त्यांच्या एक अलीकडचे पण घ्या, ९९९, ९९,९९९, ९९,९९,९९९. कॉमा कुठे सुरू होतो आणि कुठे अजून व्हायला नको या दोन्ही बाजू तपासल्या जातात. शून्य घ्या, कारण आकडे एकेक काढत जाणारा लूप "संख्या शून्य होईपर्यंत" असा लिहिला असेल तर शून्यासाठी तो एकदाही फिरत नाही आणि रिकामी स्ट्रिंग येते.

मग मायनस. समजा फंक्शन असं लिहिलंय की आधी एसएनप्रिंटएफने संख्येची स्ट्रिंग करायची आणि उजवीकडून मोजत तीन, मग दोन, मग दोन असे कॉमा टाकायचे, आणि मायनसचं चिन्ह वेगळं काढायचं राहून गेलंय. टेस्टमध्ये तुम्ही उणे हजार टाकलं, -१,००० आलं, बरोबर. उणे लाख, -१,००,०००, बरोबर. उणे कोटी, -१,००,००,०००, तेही बरोबर. तीन टेस्ट पास, मायनस झालं म्हणून पुढे गेलात. आता -१०० द्या. येणार -,१०० असं, मायनसच्या पुढे कॉमा! कारण मायनस धरून चार अक्षरं होतात आणि तीनच्या पुढे एक अक्षर उरलंय म्हणून कॉमा पडतो. असं होतं फक्त तीन, पाच, सात अशा विषम आकड्यांच्या संख्यांना, आणि हजारात आकडे चार, लाखात सहा, कोटीत आठ, सगळे सम. म्हणजे आपल्याला पटकन सुचणाऱ्या तिन्ही गोल संख्या नेमक्या या बगला चुकवून जातात. तेव्हा मायनससाठी एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी, चार अंकी, पाच अंकी अशा सगळ्या लांब्या घ्या. किती मोठी संख्या यापेक्षा किती अंकी संख्या हे या फंक्शनला महत्त्वाचं आहे, आणि आपल्या कोडला नक्की कशाने फरक पडतो हे शोधलं की टेस्टचे आकडे आपोआप सुचतात.

दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असेल, म्हणजे संख्या ऋण असली की तिला मायनस एकने गुणून धन करायची आणि मग भागत जायचं, तर तिथे वेगळा प्रॉब्लेम. ६४ बिटच्या लाँग लाँगमध्ये सगळ्यात लहान संख्या आहे -९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८, आणि तिची धन जोडी त्या टाइपमध्ये बसतच नाही, एकने कमी पडते. सी भाषेत तो अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. ही संख्या टेस्टमध्ये हाताने लिहू नका, लिमिट्स.एच मधून एलएलाँग_मिन घ्या.

या संख्येची स्ट्रिंग किती लांब होते ते मोजून बघा. आकडे १९, कॉमा ८, मायनस १, आणि शेवटचा नल १, एकूण २९ बाइट. म्हणून कोणी विचार करून ३२ बाइटचा बफर ठेवला तर तो इंग्रजी आकड्यांना पुरतो. पण --मराठी दिलं की? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक आकडा ३ बाइट घेतो, कॉमा आणि मायनस एकेकच. १९ गुणिले ३ म्हणजे ५७, अधिक ८, अधिक १, अधिक १, झाले ६७. ३२ चा बफर कधी फुटतो माहितीये? ९९,९९,९९,९९९ पर्यंत नऊ आकडे, २७ बाइट, तीन कॉमा, एक नल, ३१, बसतंय. त्यात एक मिळवा, शंभर कोटी, दहा आकडे झाले, ३० बाइट, चार कॉमा, एक नल, ३५. बफरच्या बाहेर गेलं. म्हणजे दुकानाच्या बिलात हे कधीच दिसणार नाही आणि एखाद्या महापालिकेच्या बजेटचा आकडा घातला की पहिल्या दिवशी फुटेल. टेस्टमध्ये शंभर कोटी --मराठीसकट पाहिजेच, आणि बफर मुद्दाम छोटा देऊन फंक्शन नीट "जागा नाही" असं परत सांगतंय का ही पण एक टेस्ट पाहिजे.

फक्त बफरच्या बाहेर लिहिलं गेलं म्हणजे प्रोग्राम पडेलच असं नसतं. बऱ्याचदा बाजूच्या मेमरीत लिहून शांतपणे पुढे जातो, स्ट्रिंग बरोबर दिसते, टेस्ट हिरवी. त्यासाठी सॅनिटायझर लावायचे, म्हणजे प्रोग्राम चालू असताना अशा चुका पकडणारे कंपायलरचे चेक. जीसीसी किंवा क्लँग असेल तर कंपाइल आणि लिंक दोन्हीच्या ऑप्शनमध्ये -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड टाका, एवढ्यावर शंभर कोटीची टेस्ट चालवली की ॲड्रेस सॅनिटायझर बफर फुटलेली ओळच दाखवतो आणि प्रोग्राम तिथेच थांबवतो. अनडिफाइन्डवाला मात्र तसा नाही, तो मायनसची चूक पकडतो, एक ओळ छापतो आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवतो, शेवटी एक्झिट कोड ०! सीटेस्ट पास झालेल्या टेस्टचं आउटपुट दाखवत नाही, मग ती ओळ कोण वाचणार. म्हणून तिसरा फ्लॅग, -एफनो-सॅनिटाइझ-रिकव्हर=ऑल, तो दिला की तिथेही प्रोग्राम फेल होऊन थांबतो. हे तिन्ही एकत्रच लक्षात ठेवा. सॅनिटायझरसाठी वेगळं बिल्ड फोल्डर करा, बिल्ड-सॅन वगैरे नावाचं, रोजच्या बिल्डमध्ये मिसळू नका.

फंक्शनच्या टेस्ट झाल्या की आख्ख्या टूलच्या दोन-तीन टेस्ट पुरतात, जास्त नकोत. ॲड_टेस्टला कमांड म्हणून आपलं आकडे हे टूलच द्यायचं, पुढे ऑप्शन. आउटपुट तपासायला पास_रेग्युलर_एक्सप्रेशन ही प्रॉपर्टी आहे, सोपी आहे, पण दोन गोष्टी माहिती पाहिजेत, एक म्हणजे ती लावली की सीटेस्ट एक्झिट कोडकडे बघत नाही, आणि दुसरं म्हणजे पॅटर्न आउटपुटमध्ये कुठेही सापडला तरी पास, १२,३४५ शोधत असाल आणि टूलने ४,१२,३४५ छापलं तरी पासच. म्हणून मी मोठं आउटपुट असेल तर अपेक्षित आउटपुट एका फाइलमध्ये ठेवते आणि सीमेक -ई कंपेअर_फाइल्स ने जुळवते. ती फाइल विंडोजवर गिटमधून घेतली की ओळीचा शेवट बदलू शकतो आणि टेस्ट विनाकारण लाल होते, तेव्हा --इग्नोअर-ईओएल द्या, किंवा .गिटॲट्रिब्यूट्स मध्ये त्या फाइल्ससाठी ओळीचा शेवट ठरवून टाका.

चुकीचं इनपुट दिलं तर टूलने नाही म्हणायला हवं, त्यासाठी विल_फेल प्रॉपर्टी आहे, ती पास-फेल उलटं करते. ती का फेल झाली हे मात्र बघत नाही. "१२अबक" ही संख्या नाकारली जातेय असं तुम्हाला तपासायचंय आणि टेस्टमध्ये --मराठीचं स्पेलिंगच चुकलंय, तर टूल ऑप्शन ओळखीचा नाही म्हणून १ देणार आणि टेस्ट हिरवी. अशा टेस्टची बरोबर इनपुटवाली जुळी टेस्ट शेजारीच ठेवा, बाकी सगळं सेम आणि फक्त संख्या बरोबर, ती पास झाली म्हणजे नाकारण्याचं कारण संख्याच आहे हे पक्कं.

टेस्टला डेटा फाइल उघडायची असेल तर लक्षात घ्या, सीटेस्ट टेस्ट चालवतं ती बिल्ड फोल्डरमधून, सोर्समधून नाही. ॲड_टेस्टमध्ये वर्किंग_डिरेक्टरी देता येते. आणि टाइमआउट प्रॉपर्टी लावा, दहा सेकंद म्हणा, वरच्यासारखं नुसतं एनेबल_टेस्टिंग असेल तर सीटेस्टचा स्वतःचा टाइमआउट जवळपास नसल्यासारखाच असतो, एखादा लूप अडकला तर नुसतं बघत बसावं लागेल.

आता सर्व्हर. कोड गिटहबवर असेल तर गिटहब ॲक्शन्स सोपं पडतं, पब्लिक रिपॉझिटरीला त्यांची साधी मशीन फुकट असतात. .गिटहब फोल्डरमध्ये वर्कफ्लोज नावाचं फोल्डर, त्यात एक यॅमल फाइल, पुश आणि पुल रिक्वेस्टवर चालणारी, उबुंटू-लेटेस्टवर, पहिली पायरी चेकआउट आणि पुढे वरच्याच तीन कमांड. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच. कमांड तिथे वेगळ्या लिहू नका, घरी जी चालवता तीच तिथे, नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या जातात आणि सर्व्हरवर लाल का ते घरी कळतच नाही. मॅट्रिक्स (एकच जॉब वेगवेगळ्या सेटिंगनी चालवायची सोय) वापरून डीबग आणि रिलीज दोन्ही चालवा, आणि सॅनिटायझरचा एक वेगळा जॉब.

लॉग ठेवायला म्हणून सीटेस्टचं आउटपुट पाइप करून टी कमांडला (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणारी) दिलंत तर एक्झिट कोड टीचा येतो, आणि टी कायम पास. गिटहब ॲक्शन्समध्ये शेल काहीच लिहिलं नाही तर बॅश पाइपफेलशिवाय (म्हणजे पाइपमधली आधीची कमांड फेल झाली तरी तिकडे न बघता) चालतो, आणि शेल: बॅश असं स्वतः लिहिलं तर पाइपफेलसकट चालतो. तेव्हा पाइप वापरणार असाल तर ती एक ओळ लिहाच. आणि हे सगळं झालं की एक ब्रँच काढून त्यात मुद्दाम कोड मोडा, पुश करा, सर्व्हरवर लाल दिसलं की ब्रँच उडवून टाका. घरी केलं तेच तिथेही.

घरी पास आणि सर्व्हरवर फेल असं झालं की आधी तारीख-वेळ बघा. समजा टूलमध्ये पुढे बिल नंबरसाठी आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन आलं, १ एप्रिल ते ३१ मार्च. ते आतमध्ये स्वतःच मशीनला आजची तारीख विचारत असेल तर गंमत बघा, आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, गिटहबची मशीन यूटीसीवर. १ एप्रिलला रात्री बारा ते पहाटे साडेपाच आपल्याकडे नवीन वर्ष आणि सर्व्हरवर अजून ३१ मार्च, म्हणजे जुनं वर्ष. असली टेस्ट वर्षभर हिरवी राहते आणि नेमकी त्या रात्री फुटते. फंक्शनला तारीख बाहेरून द्या, मग टेस्टमध्ये ३१ मार्च पण देता येते, १ एप्रिल पण, आणि २९ फेब्रुवारी पण, कधीही चालवलं तरी उत्तर तेच. कधी पास कधी फेल अशी एखादी टेस्ट निघालीच तर सीटेस्टला --रिपीट अंटिल-फेल:१०० देऊन फुटेपर्यंत चालवा आणि कारण काढा. "परत रन कर, होईल पास" ही सवय टीममध्ये एकदा लागली की मग लाल रंगाकडे कोणी बघत नाही.

लायब्ररी कधी घ्यायची? टेस्ट_आकडे.सी पाचशे ओळींच्या पुढे गेली, किंवा पन्नासपैकी एकच टेस्ट चालवायचीये असं वारंवार वाटायला लागलं की. सी++ असेल तर डॉकटेस्ट एकाच हेडर फाइलमध्ये येतं, कॅच२ आणि गूगलटेस्ट जरा मोठी आहेत पण सीटेस्टशी छान जुळतात. तोपर्यंत आपला तपास मॅक्रो पुरतो. वेगवेगळ्या विषयांना वेगळे छोटे टेस्ट प्रोग्राम करून वेगवेगळे ॲड_टेस्ट लिहिले की सीटेस्ट -आर मायनस असं म्हणून नावात मायनस असलेल्याच चालवता येतात, आणि --रीरन-फेल्ड ने मागच्या वेळी फुटलेल्याच.

सेटअप लागला की एक गोष्ट जवळपास फुकट मिळते. समजा काही महिन्यांपूर्वी चालणारं काहीतरी आज मोडलेलं दिसलं आणि कुठल्या कमिटने मोडलं ते माहिती नाही. त्या बगची टेस्ट लिहा, पण ती जुन्या कमिटमध्ये नसणार म्हणून रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, आणि एक छोटी शेल स्क्रिप्ट करा, आधी बिल्ड, बिल्डच झालं नाही तर एक्झिट १२५, झालं तर ती टेस्ट. मग गिट बायसेक्ट स्टार्ट, आत्ताचा कमिट बॅड, जुना चांगला माहिती असलेला कमिट गुड, आणि गिट बायसेक्ट रन पुढे ती स्क्रिप्ट. १२५ म्हणजे हा कमिट सोडून दे असं गिटला कळतं, बाकी ० म्हणजे चांगला आणि १ म्हणजे मोडलेला. दरवेळी उरलेल्यातले अर्धे कमिट बाद होतात, त्यामुळे हजार कमिट असले तरी साधारण दहा बिल्डमध्ये तो एक कमिट सापडतो. सापडला की नाव लिहून घ्या, गिट बायसेक्ट रिसेट मारा म्हणजे परत आपल्या ब्रँचवर याल, आणि बाहेर ठेवलेली ती टेस्ट आता रिपॉझिटरीत आणून फिक्सबरोबर एकाच कमिटमध्ये टाका.